दुपारची डोंबिवली

परवा मामेभावाचा मेसेज आला. नाशिकला असतो, ऐरोलीत नोकरी लागलीये, बायको आणि पोरीला घेऊन इकडे यायचं चाललंय. "दादा, डोंबिवली कशी आहे रे? लोक, घरं, हवा. तीन ओळीत सांग आणि प्लीज व्हॉइस नोट नको." मी टाइप करायला बसलो आणि अर्ध्या तासाने बघतो तर मेसेज वर सरकवून सरकवून अंगठा दुखायला लागला. म्हटलं जाऊ दे, इथेच लिहितो, त्याला लिंक पाठवतो. सत्तेचाळीस वर्षांतली चाळीसच्या वर इथे काढलीत, तीन ओळीत काय मावणार.

आधी लोक. आकडे सांगायचे म्हटलं तर २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळपास होती. पण हा आकडा डोळे झाकून घेऊ नकोस. एक तर त्याला आता किती वर्षं झाली ते मोज, २०२१ ची जनगणना कोविडमध्ये राहिली ती राहिलीच आणि आता जी होतेय तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. दुसरं म्हणजे २०११ ला आसपासची २७ गावं महापालिकेत नव्हतीच, २००२ मध्ये बाहेर काढलेली, २०१५ ला परत आत घेतली. म्हणजे निळजे, नांदिवली, सोनारपाडा वगैरे भागात आज जे टॉवर दिसतात ते त्या साडेबारा लाखांत नाहीत, आणि खरी वाढ झाली ती नेमकी तिकडेच.

एक आकडेवारी मात्र मला फार आवडते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते सायन-माहीमपर्यंतच्या जुन्या मुंबईची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. चक्क कमी झाली. आणि त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, आणि ठाणे हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. तिकडून निघालेले कुठे उतरले ते कळण्यासाठी संध्याकाळी सात वाजता डोंबिवलीच्या मधल्या पुलावर उभं राहिलं की पुरे. (उभं राहू नकोस, लोक ढकलून देतील.)

आमच्या घरचंही तेच. बाबा गिरगावातल्या चाळीतले. दहा बाय बाराची खोली, त्यात आजी-आजोबा, दोन काका, एक आत्या. लग्न ठरलं तेव्हा नवरा-बायकोने झोपायचं कुठे हा प्रश्न होता, उत्तर होतं गॅलरी. पाच-सहा वर्षं तशी काढली आणि १९८४ ला इथे रामनगरमध्ये वन बेडरूम घेतला. पीएफमधून कर्ज, आईच्या पाटल्या, आणि ऑफिसातल्या कुणाकडून तरी उसने. गिरगावातले नातेवाईक म्हणाले, "एवढ्या लांब? तिकडे साप निघतात." निघायचे पण.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली नावांचा लाकडी बोर्ड आहे, माझ्या मते तीच आमची जनगणना. तळमजला अधिक तीन मजले, सोळा घरं. ८४ ला त्यावर सोळा नावं लागली त्यातली अकरा गिरगाव, दादर, परळ इथल्या चाळींतून आलेली. दोन तमिळ कुटुंबं, दोन्हीकडचे काका रेल्वेत. एक गुजराती, एक थेट रत्नागिरीहून आलेलं कुटुंब. आणि सोळावं नाव जागेच्या मूळ मालकांचं, पाथर्लीकडचे आगरी, ज्यांच्या भातशेतीवर बिल्डिंग उभी राहिली आणि मोबदल्यात एक फ्लॅट मिळाला. लोक डोंबिवली म्हटलं की मराठी मध्यमवर्ग, पु. भा. भावे, शं. ना. नवरे हे लेखक, फडके रोड, १९९९ पासूनची गुढीपाडव्याची शोभायात्रा, २०१७ चं साहित्य संमेलन एवढंच सांगतात. ते सगळं खरंच आहे आणि मलाही त्याचा अभिमान आहे, पण पाथर्ली, आयरे, सागाव, कोपर, मोठागाव ही नावं काय आकाशातून पडली? ही गावं आधीपासून होती, भात पिकवत होती, खाडीत मासे धरत होती. आपण नंतर येऊन त्यांच्या शेतात लायब्ररी काढली.

आता तोच बोर्ड २०२५ मध्ये वाचायचा तर सोळापैकी सहा घरांत फक्त म्हातारा-म्हातारी, किंवा दोघांतलं एकच. मुलं पुणे, बंगळुरू, न्यू जर्सी. चार घरं भाड्याने, त्यातले दोन भाडेकरू उत्तर प्रदेशातले, एक जळगावचा, एक केरळी नर्सिंगवाल्या तीन मुली. दोन घरांना कुलूप. उरलेली चार म्हणजे आमच्यासारखी, तीन पिढ्या एकत्र आणि बाथरूमला रांग. १९९० च्या सुमाराला नुसत्या आमच्या बिल्डिंगची क्रिकेटची टीम व्हायची वर अंपायर शिल्लक राहायचा, आज शाळेत जाणारी मुलं किती तर तीन. आणि तिकडे शिळफाट्याच्या बाजूला मोठ्या टाउनशिपमध्ये गेलास तर नेमकं उलटं, सगळे तिशी-पस्तिशीचे, प्रत्येक लिफ्टमध्ये एक प्रॅम. एकाच गावाच्या नावाखाली दोन वेगळ्या वयाची गावं आहेत, सरासरी काढलीस तर दोन्हीकडचं काहीच कळणार नाही.

घरं. इथे जरा सिरियसली वाच कारण तुला पैसे घालायचेत.

सगळ्यात जुनी म्हणजे वाडे, बैठी घरं आणि पागडीच्या चाळी, त्या आता स्टेशनजवळ थोड्याच उरल्यात. मग सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या आमच्यासारख्या तीन-चार मजली सोसायट्या, लिफ्ट नाही, पार्किंग नाही कारण तेव्हा गाडी कोणाकडे होती, स्कूटर म्हणजे सुद्धा श्रीमंती. यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या नावावर आजही जमीन नाही, कन्व्हेयन्स झालेलंच नाही, बिल्डर किंवा जागामालक वारले, त्यांचे वारस सतरा ठिकाणी. कायदा १९६३ चा आहे बरं का, बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असं त्यात स्पष्ट आहे, पण दिली नाही म्हणून शेवटी डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवायच जमीन सोसायटीच्या नावे करायची तरतूद आणावी लागली. रिसेलचा फ्लॅट बघायला गेलास तर टाइल्स नंतर बघ, पहिला प्रश्न कन्व्हेयन्सचा विचार.

नवीन बघणार असशील तर अजून एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला, महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) मिळवलेला. आत माणसं राहत होती, हप्ते चालू होते. महारेरा १ मे २०१७ पासून आहे आणि चांगली गोष्ट आहे, पण नुसता नंबर बघून खूश होऊ नकोस, महापालिकेत जाऊन बांधकाम परवानगी खरी आहे का ते स्वतः विचार. एक दिवस सुट्टी जाईल, जाऊ दे. आणि जुन्या बिल्डिंगचं म्हणशील तर २०१५ ला ठाकुर्लीत बिल्डिंग कोसळली होती, माणसं गेली होती, त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट हा शब्द आमच्याकडे आता भाजीवालासुद्धा वापरतो.

आता हवा. आणि इथे मला माझी एक चूक कबूल करायचीये.

टीव्हीवर "मुंबई ३४ अंश" म्हणून सांगतात ना, ते सांताक्रूझ किंवा कुलाब्याच्या वेधशाळेचं. डोंबिवली समुद्रापासून बरीच आत आहे. उन्हाळ्यात किनाऱ्यावर दुपारच्या आधीच समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि पारा तिथेच थांबतो. तोच वारा आमच्यापर्यंत येतो तो सगळी तापलेली मुंबई आणि ठाणे ओलांडून, उशिरा आणि निम्मा दमलेला. पूर्वेकडचे वारे जोरात असतील, मार्चमध्ये असतात, तर तो आणखी उशिरा येतो आणि त्या दिवशी मग विचारू नका. म्हणून कुलाबा आणि आमच्यात एप्रिल-मेच्या दुपारी सहज तीन-चार अंशांचा फरक पडतो. थंडीत मात्र उलट, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे स्वेटर निघतो आणि दादरला उतरेपर्यंत तो हातात घ्यावा लागतो. हवामान खात्याच्या नियमात उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला ४० अंशांची अट आहे आणि किनारपट्टीला ३७ ची, कारण दमट हवेत घाम वाळतच नाही. आमची गंमत अशी की आम्ही धड किनाऱ्यावर नाही आणि धड आतही नाही. खाडीचा दमटपणा आहे, वारा तेवढा नाही.

हे सगळं मला आकड्यात माहीत होतं. पण मी तेवीस वर्षं रोज सकाळी सात चौपन्नची पकडून फोर्टला जायचो, ऑफिसात एसी, संध्याकाळी साडेआठला परत. म्हणजे एप्रिलच्या दुपारी दोन वाजता माझं स्वतःचं घर कसं असतं हे मी सुट्टीचे दिवस सोडले तर बघितलेलंच नव्हतं, आणि सुट्टीला तर आपण जेवून झोपतो किंवा कुठेतरी लग्नाला जातो. आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची. आई कित्येक वर्षं म्हणत होती, "वर तवा ठेवलाय कोणीतरी." मी म्हणायचो, "अगं पंखा लाव ना."

एक गोष्ट अशी की आई दुपारी बेडरूममध्ये झोपायचीच नाही. पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दारासमोर, जमिनीवर चटई टाकून झोपायची. वीसेक वर्षं. आम्ही चेष्टा करायचो, "आईचं टू बीएचके." मग २०२० चा लॉकडाऊन लागला आणि मी एप्रिलमध्ये बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला लॅपटॉपचा पंखा हेलिकॉप्टरसारखा वाजायला लागला, माझ्या कोपराचा घाम कीबोर्डवर, भिंतीला हात लावला तर चहाच्या कपासारखी गरम. पाणी प्यायला उठलो, पॅसेजमध्ये आईच्या पायाशी जरा टेकलो आणि कळलं. तिथे बरं वाटत होतं. वर बघितलं तर माळा. त्या पॅसेजवर माळा आहे आणि माळ्यावर १९८४ पासूनचं सगळं, गाद्या, माझी पाचवी ते दहावीची पुस्तकं, फराळाचे डबे, बाबांच्या ऑफिसच्या फाइली, गणपतीचं मखर. सोसायटीतल्या एका इंजिनियरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, इन्सुलेशन आहे ते." स्लॅबची धग त्या गाद्यांमध्येच अडकते. आणि बाजूला एकही बाहेरची भिंत नाही. आईने थर्मामीटर न लावता घरातली सगळ्यात थंड सहा बाय तीन फूट जागा शोधून काढली होती आणि आम्ही वीस वर्षं त्यावर हसत होतो.

दुसरं तर अजून लागलं. आमच्या हॉलला पश्चिमेला गॅलरी होती. १९९३ ला, मी दहावी-बारावीकडे जाणार म्हणून, ती बंद करून घेतली. ग्रिल, सरकत्या काचा, खाली टेबल, माझी स्टडीरूम. डोंबिवलीत असं न केलेलं घर दाखवा, लोकांनी गॅलऱ्यांत मुलं वाढवलीत, सुनांच्या शिलाई मशीन बसवल्यात, देवघरं केलीत. पण जो काही दमलेला खारा वारा संध्याकाळी चार-पाचला पोहोचायचा तो त्याच गॅलरीतून आत यायचा. माझ्या अभ्यासासाठी तो बंद झाला. आई मधून मधून म्हणायची की पूर्वी इथे संध्याकाळी बसायला मस्त वाटायचं, आणि मी समजायचो की आठवणी काढतेय.

तेव्हापासून मी हे लोक, घरं, हवा असे वेगवेगळे रकाने करणं सोडलं. जनगणनेत माणूस त्याच्या घरी मोजतात, पण डोंबिवलीतला कमावता माणूस दिवसा घरी नसतोच, सकाळी आठ ते रात्री आठ इथे राहतात ते म्हातारे, बायका, लहान पोरं आणि पाठीवर डिलिव्हरीच्या बॅगा घेतलेली मुलं. म्हणजे इथली दुपार सोसणारे वेगळे आणि कोणता मजला घ्यायचा, गॅलरी बंद करायची की नाही, खिडकीसमोरचं झाड तोडायचं की नाही हे ठरवणारे वेगळे. बाबांनीही वरचा मजला घेतला तो थोडा स्वस्त होता आणि "वर कोणाचा आवाज नाही" म्हणून. ते पण रोज फोर्टलाच होते.

एसीचं म्हणशील तर हो, आता आहे, बेडरूममध्ये एक. पण आमच्या दोन बिल्डिंगमधल्या गल्लीत समोरासमोर मिळून मी एकदा एकोणीस आउटडोअर युनिट मोजले. त्यांची गरम हवा जाणार कुठे, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. पूर्वी त्याच जागेत विहीर होती, शेजारच्या बंगल्याचा आंबा आणि दोन गुलमोहर होते. बंगला गेला, बारा मजली टॉवर आला, विहीर बुजली. रात्री अकरा वाजता भिंत अजून कोमटच असते कारण दिवसभर प्यायलेली उष्णता काँक्रीट रात्रभर सोडत बसतं आणि ती निघून जायला मोकळं आकाश लागतं, ते आता गल्लीतून फूटभर दिसतं.

पाऊस. तुला नाशिकचा पाऊस माहीत आहे, तो विसर. सांताक्रूझची जून ते सप्टेंबरची सरासरीच साधारण २,३०० मिलिमीटर आहे आणि आमच्याकडे कमी तर नक्कीच पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, मी त्या दिवशी ऑफिसातच अडकलो आणि २८ ला घरी पोहोचलो, मधला बराच रस्ता रुळावरून चालत. पश्चिमेला खाडीच्या बाजूच्या खोलगट भागात भरती आणि पाऊस एकत्र आले की पाणी शिरतं, तिकडे घर बघणार असशील तर तळमजल्यावाल्यांना भिंतीवरची २००५ ची रेघ दाखवायला सांग. जुन्या बिल्डिंगींच्या गच्चीवर सगळीकडे पत्र्याच्या शेड दिसतील, त्या गळतीवरचा आमचा राष्ट्रीय उपाय. आम्हीही २०२१ ला टाकली. गळती थांबली, स्लॅबवर थेट ऊन पडायचं बंद झालं म्हणून दुपारही जरा सुसह्य झाली, पण जुलैच्या रात्री वर घोडदळ चाललंय असं वाटतं.

आणि एमआयडीसी, म्हणजे इथली औद्योगिक वसाहत. हे कोणी ब्रोकर सांगणार नाही. साठच्या दशकात कारखाने गावाबाहेर आले, मग गावच कारखान्यांच्या कुशीत शिरलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथला एक रस्ता केमिकलने गुलाबी झालेला, मुख्यमंत्री स्वतः बघायला आले होते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन्ही वेळा कारखान्यात मोठे स्फोट झाले, माणसं मेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा मे महिना, दोन्ही वेळा दिवसाउजेडी, म्हणजे परत घरात कोण होतं ते बघ. मिलापनगरकडचे रस्ते सुंदर आहेत, झाडं भरपूर, बंगले, मला स्वतःला तिथे राहायला आवडलं असतं, पण काही रात्री तिकडे वास येतो आणि तो नाक बंद करून जात नाही.

तर भाऊ, तुला सल्ला म्हणून एवढंच की फ्लॅट बघायला रविवारी सकाळी अकराला येऊ नकोस, सगळे तेव्हाच येतात आणि तेव्हा सगळंच छान दिसतं. एप्रिलमध्ये ये, दुपारी तीनला, आणि वहिनी आणि पोरीला घेऊन ये कारण राहायचंय त्यांना. पश्चिमेच्या भिंतीला हात लाव. एकदा जुलैत पावसात ये. आणि सकाळी सात चौपन्नची एकदा पकडून बघ, तुला ऐरोलीसाठी ठाण्याला बदलावं लागेल, दिव्यापर्यंत दाराकडे सरकला नाहीस तर उतरशील थेट दादरला.

आमचंही आता रिडेव्हलपमेंटचं चाललंय. सोळापैकी चौदा जणांनी सह्या केल्यात (नियमाने ५१ टक्के पुरतात पण आमच्या सेक्रेटरी काकांना सोळाच्या सोळा हव्यात, ते कुलूपवाल्या दोघांना रोज फोन करतात), खाली पार्किंग आणि वर अकरा मजले. मागच्या आठवड्यात पसंतीच्या मजल्याचा फॉर्म आला. सगळे वरचे मजले मागतायत, व्ह्यू मिळतो, डास कमी. मीही दहावा-अकरावा लिहिणार होतो, पेन काढलं होतं. मग फॉर्म तसाच पॅसेजमध्ये नेला, दुपारचे अडीच वाजले होते, आई पडलेली पण जागी होती. म्हटलं, "कितवा लिहू, तू सांग."

ती म्हणाली, "कितवा पण लिही. वर कोणीतरी राहत असलं पाहिजे. आणि गॅलरी बंद करायची नाही."

सातवा लिहिलाय. पश्चिमेकडचा.